साठा किती करावा, हे ठरवण्याआधी एक दिवस मेन स्विच बंद करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिन्यांपूर्वी शहर सोडून तुम्ही शेतावर राहायला आलात. घरात तुम्ही दोघं, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि तुमची आई. गोठ्यात दोन दुभत्या गाई, आठ शेळ्या, तीसेक कोंबड्या. पाणी बोअरचं, टाकी १,००० लिटरची. वादळात किंवा पुरात आठवडाभर तुटलो तर काय, ही काळजी आहे आणि हाताशी पैसे बेताचे आहेत. त्यातून सोलर घ्यावं की जनरेटर, धान्य किती महिन्यांचं भरावं आणि मुलांना यातलं किती सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी १९ वर्षं अशाच घरात राहते आहे. गेली काही वर्षं आसपासच्या कुटुंबांना प्रथमोपचार आणि घरची तयारी शिकवते. आधीच सांगते, माझ्या उत्तरातलं बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. पूर येतो की पाणी आटतं, बोअर किती खोल आहे, दवाखाना वीस मिनिटांवर आहे की दोन तासांवर, यावर खर्चाचा क्रम बदलतो. विचार करायची पद्धत मात्र सगळीकडे सारखीच चालते, म्हणून ती आधी सांगते.

शेतावरचं घर मोठ्या आपत्तीने क्वचित कोलमडतं. बहुतेक वेळा एखाद्या साध्या दिवशी एकच गोष्ट बंद पडते आणि तिच्यावर बाकीच्या पाच टांगलेल्या असतात. म्हणून मी घराला तीन प्रश्न विचारते. वीज नसेल तर काय थांबतं? रस्ता नसेल तर काय थांबतं? आणि ज्याला सगळं येतं तो माणूसच अंथरुणाला खिळला तर काय थांबतं?

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्याकडे नेमका तोच उभा राहिला. इथे येऊन आम्हाला चौथं वर्ष होतं. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर नवऱ्याचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. तो दवाखान्यात, मी आणि मुलगी घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी. मी स्टार्टरचं बटण दाबलं, मोटर चालू होईना. पुन्हा दाबलं, काहीच नाही. दीड दिवस मी शेजारच्या विहिरीवरून २० लिटरचे कॅन वाहिले. भरलेला कॅन २० किलोचा असतो आणि त्याची मूठ बोटांत रुतते. संध्याकाळी भांडं हातात धरवेना, आणि गोठ्यात गाई हंबरतच होत्या. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, त्याने स्टार्टरच्या पेटीतलं एक लाल बटण आत दाबलं आणि मोटर सुरू झाली. ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरवर जादा भार आला की तिची वीज तोडणारा स्विच, पडला होता. नवऱ्याला ते बटण पाठ होतं. त्याने मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता त्या पेटीच्या झाकणाला आतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवलेला आहे: आधी मेन बंद, मग पाच मिनिटं थांबा, लाल बटण दाबा, मेन चालू, मग हिरवं. पुन्हा पडलं तर तिसऱ्यांदा दाबू नका, मोटर जळेल, इलेक्ट्रिशियनला बोलवा. असा कागद गॅसच्या व्हॉल्व्हजवळ आहे, टाकीच्या कॉकवर आहे, गुरांच्या डॉक्टरचा नंबर गोठ्याच्या दारावर आहे. कागद फाइलमध्ये ठेवलात तर ऐन वेळी फाइल शोधावी लागते, म्हणून काम जिथे तिथेच तो लावा. आणि घरातलं प्रत्येक काम निदान दोघांना हाताने करता आलं पाहिजे. नुसतं ऐकलेलं आयत्या वेळी आठवत नाही. तुमच्या प्रश्नात सोलर, जनरेटर, धान्य सगळं आलं, पण मोटर कोण चालू करतं हे आलं नाही. मला त्याची काळजी जास्त वाटली.

आता पाणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तुमची सगळ्यात कमजोर बाजू हीच आहे.

हिशोब मांडू. माणसाला पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता धरून दिवसाला १५ लिटर लागतात. पाच माणसांचे ७५. दुभती गाय दिवसाला ६० ते ८० लिटर सहज पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोघींचे १५० धरा. शेळीला सरासरी ६ लिटर, म्हणजे आठ शेळ्यांचे ४८. कोंबड्यांचे ९-१०. बेरीज २८० लिटरच्या आसपास जाते. तुमची टाकी काठोकाठ भरलेली असताना वीज गेली तर साडेतीन दिवस निघतील. पण वीज टाकी भरल्यावरच जाईल असं कुणी सांगावं? अर्ध्या टाकीवर गेली तर दोन दिवससुद्धा पुरणार नाहीत. आणि ते २८० लिटर हाताने आणायचे म्हणजे २० लिटरच्या कॅनच्या १४ खेपा, रोज. शेतावरच्या घरात माणसांपेक्षा जनावरांना जास्त पाणी लागतं, हे शहरातून आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

म्हणून पहिला खर्च दुसऱ्या टाकीचा करा. त्याबरोबर एक सवय लावा: टाकी अर्ध्यावर आली की भरायची. रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही. या सवयीला पैसा लागत नाही.

मग पाण्याचा दुसरा मार्ग बघा. विहिरीत पोहरा सोडता येतो, बोअरमध्ये येत नाही. तुमच्या बोअरमधली पाण्याची पातळी किती खोल आहे ते विचारून घ्या. वरून ओढून घेणारा साधा हातपंप व्यवहारात ७ मीटरपर्यंतच चालतो, कारण तो हवेच्या दाबावर काम करतो. सिलिंडर खाली पाण्यात असणारा खोल विहिरीचा हातपंप साधारण ४५ मीटरपर्यंत पाणी काढतो. पातळी त्याहून खोल असेल तर हाताचा मार्ग सोडा. मग छोटा जनरेटर फक्त मोटरसाठी घेणं रास्त आहे, किंवा शेजाऱ्याच्या विहिरीशी आधीच बोलून ठेवणं. आमचं काम शेजाऱ्यांवरच भागलं होतं, म्हणून ते मी कमी लेखत नाही.

छपराचं पाणी विसरू नका. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ६० चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटरची एक सर आली की ६०० लिटर. उडालेलं, सांडलेलं वजा केलं तरी पावणेपाचशे हाती येतं. गुरांचे दोन दिवस निघाले. पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा वाहून येते, ते पाणी बाजूला काढायची सोय पन्हाळीलाच करा.

पिण्याचं पाणी शुद्ध करायचे दोन मार्ग घरातल्या सगळ्यांना यायला हवेत. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि दाट कापडाच्या घडीतून गाळा. मग खळखळून उकळी आली की १ मिनिट उकळत ठेवा. २,००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं. इंधन नसेल तर साधं, बिनवासाचं, ५-६ टक्क्यांचं क्लोरीन ब्लीच लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं. गढूळ किंवा फार थंड पाणी असेल तर ४ थेंब. शेवटी क्लोरीनचा हलका वास यायला हवा, नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घाला आणि थोडा वेळ थांबा. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, ब्लीचचा जोर महिन्या-महिन्याने कमी होतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: उकळून किंवा ब्लीच घालून जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. पुराचं पाणी फवारणीच्या औषधांच्या खोलीतून फिरून आलं असेल तर ते माणसांनी प्यायचं नाही आणि गुरांनाही पाजायचं नाही. ती औषधं आजच उंच फळीवर हलवा.

विजेबद्दल थोडक्यात. तुम्ही सोलर की जनरेटर विचारलंत, पण आधी कशासाठी ते ठरवा. ९ वॅटचे पाच दिवे रोज पाच तास लावले तर २२५ वॅट-तास होतात, फोनचे थोडे. एवढ्याला १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची एक लेड-ॲसिड बॅटरी पुरते. तिची क्षमता १,८०० वॅट-तास आहे, पण अर्ध्याहून खाली उतरवली तर आयुष्य घटतं, म्हणून ९०० धरा. तरी तीन दिवस निघतात. मोटरची गोष्ट वेगळी. १ अश्वशक्तीच्या मोटरला चालताना साधारण १,००० वॅट लागतात, सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. ती बॅटरीवर चालवायची म्हणजे मोठा खर्च. शिवाय लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर वीज गेली की स्वतःही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. वीज गेल्यावर चालेल या भरवशावर ते घेऊन बसलेली घरं मी पाहिली आहेत, तेव्हा विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा.

जनरेटर घेतलात तर दोन गोष्टींत तडजोड नको. घराच्या वायरिंगला तो चेंजओव्हर स्विचमधूनच जोडा, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यातलं एकच जोडलेलं राहतं. सॉकेटमध्ये उलटी वायर घातली तर वीज बाहेरच्या लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढतो आणि खांबावर चढलेला माणूस मरतो. दुसरी, जनरेटर कायम उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून ६ मीटर तरी लांब. पावसात भिजेल म्हणून पडवीत किंवा शेडमध्ये आणू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचंही तेच.

धान्याचं उत्तर सोपं आहे. आधी दोन आठवड्यांचं करा, ते अंगवळणी पडलं की महिन्याचं. रोज खाता तेच ठेवा, नवं मागे, जुनं पुढे. त्याहून जास्त भरायची घाई नको, कारण ओलसर धान्य पोत्यात गरम होतं आणि बुरशी धरतं. ओल तपासायला कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ टाका, मिनिटभर हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. माझं बघणं असं आहे की लोक माणसांचं धान्य भरतात आणि चारा विसरतात. ४०० किलोच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे दोघींचा दोन आठवड्यांचा ३०० किलोच्या घरात जातो. तो कुठे ठेवणार, पाणी कुठवर चढतं, हे आधी बघा. आणि तुमच्या आईंची रोजची औषधं महिनाभराची जास्तीची असू द्या, डॉक्टरांशी बोलून. धान्याआधी हे करा.

भाज्या किंवा मांस बाटलीबंद करून वर्षभर टिकवायचा विचार असेल तर सावध राहा. कमी आंबट पदार्थांत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू बीजाणू होऊन टिकतात आणि साध्या उकळीने मरत नाहीत; त्यांना दाबाखाली ११६ अंशांच्या वर तापमान लागतं. वास, चव काही न बदलता ते विष तयार होतं. तुम्ही नवे आहात, आत्ता वाळवण्यावर आणि खारवण्यावर भागवा.

आता दुखापती. माझ्या मते शेतावर राहणाऱ्याने कुठल्याही यंत्राआधी यात वेळ घालावा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेत दाबून भरा आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही, हीच चूक सगळ्यांकडून होते. हाता-पायातून रक्त उसळतंय आणि दाबूनही थांबत नाही, तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांधा टाळून, रुंद पट्टी काडी घालून पिळून आवळा, वेळ लिहा आणि दवाखान्यात जाईपर्यंत सोडू नका. साप चावल्यावर मात्र हे अजिबात करायचं नाही. आवळणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. अंगठ्या, कडी काढा, हाड मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. जवळच्या कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत, हे आज फोन करून विचारा. सगळ्यात जवळचा दवाखाना त्या वेळी उपयोगाचा असेलच असं नाही. भाजलं तर २० मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नको, त्यावर काही लावायचं नाही. कुत्रं किंवा कुठलंही जनावर चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. धनुर्वाताची लस घरात सगळ्यांची कधी झाली, ते लिहून काढा.

आणखी एक, जे मी प्रत्येक वर्गात दोनदा सांगते. विहिरीत, शेणाच्या किंवा बायोगॅसच्या खड्ड्यात, बंद टाकीत उतरलेला माणूस कोसळला, तर त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही. तिथे प्राणवायू नसतो किंवा विषारी वायू असतो, आणि उतरणारा दोन-तीन श्वासांत पडतो. एकाच घरातली माणसं एकामागून एक अशीच जातात, कारण आपलं माणूस खाली दिसत असताना वर उभं राहणं फार कठीण असतं. आधी मदत बोलवा. आणि मुळात कुणी उतरणारच असेल तर अंगाला दोर बांधून, दोराचं टोक वर दोन माणसांच्या हातात देऊनच. पेटती मेणबत्ती सोडून बघण्यावर विसंबू नका, काही विषारी वायूंत ती जळत राहते.

मदत बोलावल्यावर ती पोहोचली पाहिजे, याचाही विचार करा. माझ्या नवऱ्याच्या वेळी रुग्णवाहिका वळण चुकली. आम्ही "मोठ्या झाडापाशी वळा" असं सांगत होतो, आणि ते झाड मागच्याच पावसात पडलं होतं. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला फळीवर घेऊन त्यांच्या गाडीतून नेलं. आता फाट्यावर रात्री चमकणारी पाटी आहे, आणि फोनजवळच्या कागदावर घराचे अक्षांश-रेखांश आणि वाट तीन वाक्यांत लिहिली आहे.

आता खर्चाचा क्रम, तुमच्या परिस्थितीला धरून: कागद आणि शिकणं, ज्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत, मग दुसरी टाकी, प्रथमोपचाराची पेटी, औषधं, मग चारा आणि दोन आठवड्यांचं धान्य, मग दिव्यांपुरती बॅटरी, मग पाण्यासाठी हातपंप किंवा जनरेटर. तुमचा रस्ता दर पावसाळ्यात बुडत असेल तर चारा आणि औषधं सगळ्यांच्या वर न्या.

पण एक पैसा खर्च करण्याआधी तालीम करा. एखाद्या दिवशी सकाळी सातला मेन स्विच बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सातपर्यंत लावू नका. वही घेऊन बसा. कधी काय अडलं, ते वेळ टाकून लिहा. आमच्या पहिल्या तालमीत रात्री आठला कळलं की तिन्ही टॉर्चमधल्या सेलनी पाणी सोडलंय, आणि कंदिलाची वात कुणालाच बसवता येत नाही. दर वेळी असं काहीतरी निघतं. दुसऱ्या तालमीत एक नियम वाढवा: जो माणूस सगळं करतो, त्याने दिवसभर खुर्चीवर बसायचं, बोलायचं नाही, काही दाखवायचं नाही.

मुलांबद्दल विचारलंत. त्यांना संकटांच्या गोष्टी सांगू नका, कामं द्या. अकरा वर्षांच्या मुलाला मेन स्विच, गॅसचा व्हॉल्व्ह आणि दाबून रक्त थांबवणं, तिन्ही येऊ शकतं. आठ वर्षांच्याला फोन लावून पूर्ण नाव, जागा आणि काय झालं हे सांगता येतं. आठवड्यातून एकदा खोटा फोन करून घ्या. माझी मुलगी बाबा पडला तेव्हा नऊ वर्षांची होती. ती घाबरून कोपऱ्यात उभी होती, ते तिला आत्तापर्यंत आठवतं, आणि ती सांगते की काय करायचं तेच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी शेळीच्या पायात तार घुसली तेव्हा तिनेच कापड दाबून धरलं आणि मोठ्याने मिनिटं मोजली.

तालीम सुट्टीच्या दिवशी ठेवा, म्हणजे मुलं घरी असतील. बोअरमधली पाण्याची पातळी, मोटरची अश्वशक्ती आणि त्या दिवशी टाकी नेमकी किती तास पुरली, हे तीन आकडे मला कळवा. त्यावरून हातपंप बसेल की जनरेटरच लागेल, आणि लागलाच तर किती क्षमतेचा, ते मी सांगते.